‘द गाझी अटॅक’ आणि शौर्याची कसोटी

खटकचिंचोळी व तिच्या भोवतालच्या खेड्यांपासून समुद्र पुष्कळ दूर आहे. तरीही भालकी तालुक्यातील आपल्या मंडळ्यांतील तरुणांच्या, विशेषतः सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांच्या तोंडी एका पाणबुडीची कथा वारंवार येते. संकल्प रेड्डी यांनी दिग्दर्शित केलेला ‘द गाझी अटॅक’ हा तो चित्रपट १७ फेब्रुवारी २०१७ रोजी हिंदी व तेलुगू भाषांत प्रदर्शित झाला. तरुणसंघात शौर्यावर बोलू लागताच या चित्रपटाचा दाखला पुढे येतो. म्हणून सेवकबंधूंनी त्याचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

कथानक १९७१ च्या युद्धाचे. भारतीय पाणबुडीचा कप्तान रणविजय सिंग (के के मेनन) याच्या अंतःकरणात सैन्यातील मुलाच्या मृत्यूचे शल्य आहे. आदेशाची वाट न पाहता शत्रूवर तुटून पडावे, हा त्याचा बाणा. त्यास आवर घालण्यासाठी अर्जुन वर्मा (राणा दग्गुबती) या अधिकाऱ्यास धाडण्यात येते. दोघांच्या मध्ये देवराज उभा आहे. अतुल कुलकर्णी यांनी ही भूमिका अत्यंत संयमाने वठविली असून, आमच्या मते चित्रपटातील सर्वांत प्रौढ मनुष्य तोच होय. अर्जुनास वाचविताना रणविजय प्राण देतो. आणि येथपर्यंत नियमास जपणारा अर्जुन त्याच्याच मार्गाने जातो. म्हणजे वादात चित्रपटाने कौल दिला तो कप्तानास. थांबणारा तो भित्रा, आधी मारणारा तो शूर.

बंदिस्त जागेतील घुसमट व यंत्रांच्या आवाजावर कान लावून बसलेली माणसे दिग्दर्शकाने उत्तम दाखविली आहेत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु इतिहास निराळा आहे. ‘गाझी’ ३ व ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. ‘राजपूत’ या युद्धनौकेने टाकलेल्या बाँबांनी ती बुडाली, असे भारतीय नौदल सांगते; पाकिस्तान अपघाती स्फोटाचे कारण देते. दोन पाणबुड्यांचे द्वंद्व यांपैकी एकाही वृत्तांतात नाही. ‘गाझी’वरील नव्वदांहून अधिक जणांतील एकही वाचला नाही. चित्रपटात मात्र त्या माणसांस शत्रू यापलीकडे चेहरा नाही. जखमी पाणबुडीतील खलाशी राष्ट्रगीत गातात, तेही शत्रूस चिडवून माऱ्याच्या टप्प्यात आणण्यासाठी. प्रेक्षक येथे भारावतात. आम्हांस मात्र येथेच अवघडल्यासारखे झाले. गीताचे आमिष होऊ शकते, हे उपासनेत गीते गाणाऱ्यांनी तरी लक्षात ठेवावे.

याच चित्रपटात एक दुसरे शौर्य आहे. बुडालेल्या व्यापारी जहाजावरील निर्वासित स्त्री व एक लहान मूल यांस अर्जुन समुद्रातून वाचवून आणतो. स्वतःची सुरक्षितता धोक्यात घालून परक्यास आत घेणे, हे कृत्य साऱ्या पाणतीरांहून भारी आहे. पटकथेस मात्र त्याचे मोल कळलेले नाही. ती लगबगीने पुढे निघून जाते.

हा केवळ कलेचा प्रश्न असता, तर आम्ही एवढे लिहिले नसते. १९४८ साली या भागाने आधी रझाकारांचे अत्याचार सोसले. सप्टेंबरातील पोलीस कारवाईपाठोपाठ निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी नोंदविली, त्यांत आमचा बीदर आहे. आधी मारणारा तो शूर, हे तेव्हाही लोकांस पटलेच होते.

तरुणांपुढे या चित्रपटाच्या जोडीस प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ ठेवावा. पौलाचा सल्ला झिडकारून तारू हाकारले गेले. वादळ उठल्यावर तो रुसून बसला नाही. खलाशी नांगर टाकण्याच्या मिषाने होडीतून पळू पाहतात, तेव्हा सर्वांच्या जिवासाठी तो त्यांस थांबवितो. उपाशी माणसांसमोर भाकर घेऊन उपकार मानतो व खातो. तारवावरील २७६ जणांपैकी बहुतेकांची त्याच्या प्रभूशी ओळखही नव्हती. शिपाई बंदिवानांस ठार मारू पाहतात, तेव्हा युल्य हा शताधिपती त्यांस आवरतो. हात आवरण्यास धैर्य लागते, याचा याहून चांगला दाखला शोधण्याची गरज नाही.

आणि नौदलाचाच दाखला हवा असेल, तर त्याच युद्धात ९ डिसेंबरास दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली. अठरा अधिकारी व १७६ नाविक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट एका नाविकास दिले, असे सांगतात. जहाजाबरोबर ते बुडाले याचेच कौतुक अधिक होते. परंतु तरुणांशी बोलताना आम्ही त्या जाकिटापासून आरंभ करू.