अल्पाक्षर कथा आणि तिचा बाजार

कथावाङ्मयांत लांबीला एक व्यावहारिक महत्त्व आहे, आणि टीकाकार तें सहसा लक्षांत घेत नाहींत. कादंबरीला वजन असतें. ती फडताळांत दिसते, कुणाला भेट म्हणून देतां येते, तिच्यावर सुटीचा आठवडा निघतो. चार ओळींत, फार तर एका पानांत संपणाऱ्या कथेला यांपैकीं कांहींच साधत नाहीं. संपादक उरलेली जागा भरावयास तिचा उपयोग करतो, प्रकाशक तिच्या संग्रहाला हात लावतांना कचरतो, आणि वाचक ती फुकट मिळावी अशी अपेक्षा धरतो. त्यामुळें अशा कथा लिहिणाऱ्यावर दोन कामें पडतात : एक लिहिण्याचें आणि दुसरें, आपण लिहिलें आहे असें लोकांस सांगत फिरण्याचें. पहिल्या कामाला मौन हवें, दुसऱ्याला बोलकेपणा. एकाच माणसाला हीं दोन्ही कामें करावीं लागलीं म्हणजे कथेचें काय होतें, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आणि तो तपासून पाहण्यास अमेरिकन लेखिका लिडिया डेव्हिस यांच्या लेखनजीवनाइतकें सोईचें उदाहरण आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

डेव्हिसबाईंचा जन्म १९४७ चा. वडील प्राध्यापक व टीकाकार, आई लेखिका. रूढ घाटाची लघुकथा लिहिण्याची धडपड चालली असतां रसेल एड्सन या कवीचीं एकेका परिच्छेदाचीं विलक्षण गद्यें त्यांच्या वाचनांत आलीं, आणि कथा इतकी लहान असूं शकते हें त्यांस उमगलें. १९७६ सालीं त्यांचें पहिलें पुस्तक एका लहानशा प्रकाशनानें काढलें. मोठ्या प्रकाशनसंस्थेकडून 'ब्रेक इट डाउन' हा संग्रह बाहेर पडावयास १९८६ साल उजाडलें. मधल्या काळांत आणि पुढेंही त्यांचा चरितार्थ चालला तो फ्रेंच ग्रंथांच्या भाषांतरांवर व अध्यापनावर. प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला खंड त्यांनीं इंग्रजींत आणला आणि २०१० सालीं फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी'. लांबलचक वाक्यांबद्दल ज्याची जगभर ख्याति त्या लेखकाची वाक्यें दिवसभर तोलावीं, आणि स्वतःची कथा मात्र दोनतीन वाक्यांत आटोपावी, असा हा योग आहे. आम्हांस त्यांत विसंगति दिसत नाहीं. वाक्यांतला प्रत्येक शब्द हिशेबांत धरण्याची जी संवय भाषांतरकाराला लागते, तीच त्यांच्या कथेची शिस्त झाली. शिवाय पोटाचा भार कथेवर नसल्यामुळें विकली जावी म्हणून कथा फुगविण्याचा प्रसंगही त्यांच्यावर आला नाहीं. २०१३ सालीं त्यांस मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालें, तेव्हां त्यांच्या पहिल्या पुस्तकाला सदतीस वर्षें लोटलीं होतीं.

आतां प्रत्यक्ष कथांकडे वळूं. २००७ च्या संग्रहांत 'ग्रामर क्वेश्चन्स', म्हणजे व्याकरणाचे प्रश्न, या नांवाची एक छोटीशी कथा आहे. वडील मरणोन्मुख आहेत, आणि मुलगी प्रश्न करीत आहे तो क्रियापदाच्या काळाविषयीं. ते अमुक ठिकाणीं राहतात असें आतां म्हणतां येईल काय? गेल्यानंतर त्यांच्यासाठीं कोणतें सर्वनाम वापरावें? कथेंत अश्रूंचा उल्लेख नाहीं, आठवणींचा पूर नाहीं. शाळेंतल्या पुस्तकांतल्यासारखे कोरडे प्रश्न तेवढे एकामागून एक येतात. परंतु वाचक जसजसा पुढें जातो, तसतसें त्याच्या ध्यानांत येतें कीं व्याकरणाचा हा प्रश्न म्हणजेच शोकाचा प्रश्न आहे. आपल्याकडे दिवसकार्याच्या वेळीं घरांतलें माणूस 'त्यांना हें आवडतें' असें म्हणतां म्हणतां अडखळतें आणि 'आवडायचें' अशी दुरुस्ती करतें. तो अडखळण्याचा क्षण या लेखिकेनें कथेएवढा केला आहे. हाच विषय दहा पानें लांबविला असता तर तो करुण झाला असता, पण इतका खरा झाला नसता. ज्या अनुभवाचें मोठेपण त्याच्या क्षणिकपणांत आहे, त्याला अल्पाक्षर रूपच योग्य, हें या कथेवरून पटतें.

दुसरें उदाहरण विनोदी आहे. २०१४ च्या 'कान्ट अँड वोन्ट' या संग्रहांत गोठविलेले मटार विकणाऱ्या एका कारखानदारास लिहिलेलें पत्र आहे. पत्रलेखिकेची तक्रार अशी कीं, पाकिटावरच्या चित्रांतले मटार आंतल्या मटारांपेक्षां निस्तेज दिसतात. इतर विक्रेते चित्रांत माल आहे त्याहून चांगला दाखवितात, तुम्ही उलट करून स्वतःचेंच नुकसान करून घेतां. वाचतांना हसूं येतें. पण थोडा विचार केला तर ही तक्रार लेखिकेच्या स्वतःच्या धंद्यालाही लागू पडते. अल्पाक्षर कथा बाहेरून नेहमींच फिकी दिसते. तिची चव पाकीट उघडल्यावर कळावयाची.

सर्वच कथा या दर्जाच्या आहेत असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. २०२३ च्या 'अवर स्ट्रेंजर्स' या संग्रहांत शंभराहून अधिक कथा आहेत, आणि त्यांतल्या कित्येक टिपणवहींतून तशाच उचलल्यासारख्या वाटतात. आगगाडींत कानांवर पडलेलें बोलणें टिपून घेतलें म्हणजे कथा होत नाहीं. निवडलेल्या क्षणाच्या मागें न सांगितलेलें आयुष्य उभें असल्याची जाणीव वाचकाला झाली, तरच तो क्षण कथेच्या पदवीस पोंचतो. ही जाणीव जेथें होत नाहीं तेथें संक्षेप हा गुण न राहतां आळस ठरतो. आणखी असें कीं, अशा कथा सलग वाचूं गेल्यास लोणच्यानेंच पोट भरावयास बसल्यासारखें होतें. हा दोष अंशतः लेखिकेचा आणि अंशतः पुस्तक नांवाच्या वस्तूचा आहे.

याच संग्रहाच्या वेळीं डेव्हिसबाईंनीं एक निर्णय घेतला : अ‍ॅमेझॉन या प्रचंड विक्रीसंस्थेमार्फत हें पुस्तक विकावयाचें नाहीं, स्वतंत्र पुस्तकांच्या दुकानांतूनच वाचकानें तें घ्यावें. पुस्तकांच्या व्यापारावर एकाच मोठ्या संस्थेची पकड असूं नये, ही त्यामागची भूमिका. यावर कोणी म्हणेल कीं पारितोषिक मिळाल्यावर असा बाणा परवडतो. ज्याला कोणी ओळखत नाहीं त्या लेखकानें काय करावें? आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे आज 'अलक' म्हणजे अति लघु कथा लिहिणारे पुष्कळ आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर कथा पाठविण्यास दाम लागत नाहीं. पण चारदोन हातांतून गेल्यावर बहुधा तिच्याखालचें लेखकाचें नांव गळून पडतें, किंवा भलतेंच चिकटतें. विकावयास काढलेल्या बाळाच्या न वापरलेल्या जोड्यांची सहा शब्दांची इंग्रजी कथा हेमिंग्वेची म्हणून सर्वत्र सांगितली जाते. ती त्यानें लिहिल्याचा कसलाच पुरावा नाहीं, आणि त्याच्या नांवानें ती प्रचारांत आली ती १९६१ सालीं तो वारल्यानंतर कित्येक वर्षांनीं.

नांव जातें हें नुकसान मोठें खरें, पण त्याहून मोठें नुकसान आंतलें आहे. रोज एक कथा लोकांपुढें ठेवावयाची आणि तत्काळ वाहवा मिळवावयाची, असा क्रम पडला म्हणजे लेखकाचें लक्ष शेवटच्या ओळीवर खिळतें. तेथें धक्का हवा, अथवा डोळ्यांत पाणी. मग सासू चांगली निघते, भिकारी उदार ठरतो, वृद्धाश्रमाच्या दारांत अनाथाश्रमाची ओळख पटते. आणि कथा ही स्वतःचीच जाहिरात होऊन बसते. मौनावर जगणाऱ्या वाङ्मयप्रकारानें शेवटच्या ओळींत ओरडावें, यापरता त्याचा दुसरा पराभव कोणता?

हें टाळतां येतें, याचा दाखला मराठींतच आहे. शंकर काशीनाथ गर्गे उर्फ दिवाकर (१८८९–१९३१) हे पुण्यांतले शाळामास्तर. ब्राउनिंगच्या नाट्यात्मक कवितांचा संस्कार घेऊन त्यांनीं १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. त्यांची संख्या उणीपुरी पन्नास. एकेक नाट्यछटा पानादीडपानाची. एकटें माणूस बोलत असतें आणि बोलतां बोलतां आपलें खरें रूप उघडें करतें. लेखक मधें एक शब्द घालीत नाहीं, तात्पर्य सांगत नाहीं. आज त्या शाळांच्या स्पर्धांत हातवारे करून म्हटल्या जातात, त्यामुळें त्यांतला उपहास पुष्कळदां हरवतो. तरी छापील पानावर त्या शाबूत आहेत. दिवाकरांची शाळा आणि डेव्हिसबाईंचें भाषांतर यांचें काम एकच : लेखकाच्या शेवटच्या ओळीवर गिऱ्हाइकाचा हक्क उत्पन्न होऊं दिला नाहीं. लेखकाचें स्वातंत्र्य म्हणतात तें आमच्या मतें याहून निराळें नाहीं. आपलें पुस्तक आपणच छापणें वा आपणच विकणें हा त्याचा बाह्य भाग झाला.

राहतां राहिला वाचक. लेखकानें जाहिरात करूं नये असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु ती करण्याची जबाबदारी त्या एकट्यावर टाकून आपण रसिक म्हणवून घेणें शोभत नाहीं. अल्पाक्षर कथा दिवसाकांठीं एकच वाचावी, पण दोनदां वाचावी. दुसऱ्यास पाठवावी तर नांवासकट पाठवावी. आणि तिचा पातळसा संग्रह दुकानांत दिसला तर पानें मोजून किंमत महाग म्हणूं नये. जेथें लेखकानें नऊ वाक्यें खोडून एक ठेवलें असेल, तेथें किंमत त्या नऊ वाक्यांचीही असते.