सांध्याची रेघ

पोळ्याच्या तोंडावर कुंभाराच्या घरून मातीची बैलजोडी यायची. बेंबळीतलं हे माझं लहानपण. बैलाच्या पाठीवरून एक बारीक रेघ शेपटीपर्यंत गेलेली असे आणि मी ती नखानं खरवडत बसे. साच्याच्या दोन फाकी मिळतात तिथं उरलेली ती माती, हे पुष्कळ उशिरा कळलं. ती रेघ बघण्याजोगी असते, हे मात्र तेरनं शिकवलं.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात बहुतेकांचे पाय आधी हस्तिदंती बाईपाशी थांबतात. तिची कीर्तीच तशी आहे. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईतून १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तेरची मूर्ती तिच्याच कुळातली. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे गाव येतं आणि इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जातं. एवढा मोठा व्यापार त्या वीतभरही नसलेल्या मूर्तीच्या पाठीशी उभा आहे. तिच्यापुढं मान लवतेच.

पण माझा जीव रमतो तो मातीच्या मूर्तींत. केओलीन नावाच्या पांढऱ्या, मऊ मातीच्या या सातवाहनकालीन बायका. पुष्कळ भंगलेल्या, कुणाचं नुसतं मस्तकच उरलेलं. समोरून पाहावं तर भरलेले गाल, नटवलेले केस आणि ओठांच्या कडेला अडलेलं हसू. ही झाली साच्याची करामत. मूळ चेहरा ज्यानं कोरला त्याची नजर त्यात आहे, आणि त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येकीला तीच लाभली.

मग जरा बाजूला सरकून पाहावं. या मूर्तींना साचे दोन, एक पुढचा, एक पाठीचा. दोन्हींत मातीचा पातळ थर दाबायचा, ओल्या कडा एकमेकींना भिडवायच्या, सांधा बोटानं पुसून घ्यायचा. आत पोकळी राहते. ती राहायलाच हवी, कारण भरीव मातीत ओल दडून बसते आणि भट्टीत तिची वाफ झाली की मूर्ती तडकते. माती दाबताना बोटांचे खळगे आतल्या अंगाला पडतात. म्हणजे बाहेर देखणा चेहरा आणि आत कारागिराचा हात, असं एकाच वस्तूचं दुहेरी रूप. सांधा त्या दोहोंच्या मधोमध, कानामागून खाली उतरणारा. साचा चेहऱ्याची पुनरुक्ती करतो. सांधा पुसणारं बोट मात्र दर वेळी वेगळं फिरतं. म्हणून मला या मूर्तींचं खरं वेगळेपण नाकाडोळ्यांपेक्षा कानामागं वाचता येतं.

सांध्याशी वागण्याची उलटी रीतही असते. दूर आयर्लंडात, लिमरिक परगण्यातल्या आर्डा इथं १८६८ साली बटाटे खणताना एक चांदीचा पेला सापडला. आठव्या शतकातला. आज तो डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. साडेतीनशेहून अधिक भाग जोडून केलेला हा पेला. सोन्याच्या तारेची नक्षी आणि मिन्याचे खडे त्याच्या जोडांवरही बसवले आहेत. तिथल्या सोनारानं जोड मिरवला, आपल्या कुंभारानं तो पुसला. दोघांनाही आपल्या कामाची नाजूक जागा नेमकी ठाऊक होती.

आणि तेर तर कुंभार संत गोरोबाकाकांचं गाव! संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी थापटणं उचललं, एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा आपण कीर्तनात ऐकत आलो. थापटण्याखाली मडकं बोलतं ते पोकळीमुळं. भरीव गोळा कितीही थापटा, तो काय सांगणार? काकांच्या हजारएक वर्षं आधी याच गावातले हात मातीच्या आत पोकळी राखत होते. ही परंपरा अखंड चालत आली असं मी म्हणणार नाही. पण काचेपलीकडची ती मस्तकं पाहताना थापटण्याचा आवाज माझ्या कानात घुमतो खरा.

संग्रहालयातून मी त्रिविक्रमाच्या देवळात जातो. विटांचं, मागून अर्धगोल, वर गजपृष्ठाकार छत. अनेक अभ्यासक त्याला मूळचं बौद्ध चैत्यगृह मानतात. पुढं सपाट छताचा मंडप मागाहून आला आणि गाभाऱ्यात पाय उचललेला त्रिविक्रम उभा राहिला. समोरून पाहिलं तर मंडपाच्या माथ्यावर जुन्या चैत्याचं कमानदार कपाळ तेवढं दिसतं. बाजूला सरकलं, की दोन काळांची बांधकामं एकमेकांना कुठं भिडली ते कळतं. दर्शन झालं तरी मी त्याच बाजूला उभा राहतो, उन्हं भिंतीवरून उतरेपर्यंत.