बाळमित्र व हैंदशाळापुस्तकमंडळी

१८१८ सालीं पेशवाई बुडाली. ग्रंथकारास आश्रय देणारा दरबार गेला, आणि छापील पुस्तक विकत घेणारा वर्ग अद्याप व्हावयाचा होता. या मधल्या काळांत मुंबईस १८२२ सालीं निघालेल्या हैंदशाळापुस्तकमंडळीनें सरकारी साहाय्यानें शालेय पुस्तकें करविलीं. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचें 'बाळमित्र' (१८२८) त्यांतलेंच. मूळ कर्ता फ्रेंच, बर्किन. छत्रे यांनीं तें इंग्रजीवरून मराठींत आणलें. वाङ्मयेतिहासकार 'बालवाङ्मयाचा आरंभ' एवढें म्हणून पुढें जातात, तें आम्हांस पटत नाहीं. बखरीचें गद्य दरबार व लढाया सांगण्यांत तरबेज. घरांतलीं मुलें एकमेकांशीं बोलतात तें कागदावर कसें मांडावें, हें छत्रे यांस स्वतःच ठरवावें लागलें. या ग्रंथाची खरी किंमत येथें आहे.

मात्र अनुदानानें पुस्तक निघतें, गिऱ्हाईक उत्पन्न होत नाहीं. तें काम गणपत कृष्णाजींच्या छापील पंचांगानें (१८३१) अधिक केलें, असें आम्हांस वाटतें.

पोथ्या रुमालांत राहिल्या, शालेय पुस्तकें मुलांच्या हातीं फाटलीं. ज्यांच्या संग्रहीं १८५० पूर्वींचीं अशीं पुस्तकें असतील, त्यांनीं तीं नव्यानें बांधतांना मुखपृष्ठ व समासांतील बाळबोध गिरवणी काढून टाकूं नये.