जंबुपार किरण आणि रासायनिक संरक्षण : काही आक्षेप

जंबुपार किरणांपासून पिकांना वाचविणाऱ्या रासायनिक उपचारांवरील शोधनिबंध वाचावयास घेतले म्हणजे त्यांच्या निष्कर्षांतील एकवाक्यता प्रथम दिलासा देते, मागाहून संशय उत्पन्न करते. सॅलिसिलिक अम्ल फवारले, हरितद्रव्य टिकले, मॅलोनडायअल्डिहाइड घटले. सबब रोप सहिष्णु झाले. परंतु ही सहिष्णुता वनस्पतीची की द्रावणाची?

सॅलिसिलिक अम्ल स्वतःच ३०० नॅनोमीटरच्या आसपास किरण जोराने शोषून घेते, आणि पिकांना जाचणारा पट्टा २८० ते ३१५ नॅनोमीटरचा आहे. उन्हापासून त्वचा राखणाऱ्या मलमांत सॅलिसिलेटे घालतात ती याच गुणासाठी. तेव्हा पानावर वाळलेला थर केवळ पडद्याचे काम करीत नसेल कशावरून? एका पानावर फवारून दुसरे पान तपासावे, निदान पान धुऊन मग दिव्याखाली ठेवावे, एवढी तजवीज तरी हवी. (त्यास महागडे उपकरण लागत नाही.) बियाणे भिजवून केलेल्या प्रयोगांना हा आक्षेप बाधत नाही, म्हणूनच त्यांचे मोल मला अधिक वाटते.

नायट्रिक ऑक्साइडसाठी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरणाऱ्यांनी त्यातून सायनाइडही सुटते हे विसरू नये. मॅलोनडायअल्डिहाइडच्या मापनात अँथोसायनिनची भेसळ होते, हे १९९९ मध्येच दाखविले गेले आहे. आणि जंबुपार किरणांनी अँथोसायनिन वाढते ते निराळेच.

मोठा दोष मात्र दिव्यांचा आहे. बंदिस्त कक्षात जंबुपार मात्रा भरपूर आणि दृश्य प्रकाश तुटपुंजा असतो. डीएनएवरील इजा दुरुस्त करणारे फोटोलायेज हे विकर निळ्या व त्यालगतच्या दीर्घ जंबुपार प्रकाशावर चालते. तो प्रकाशच रोखला, तर रोप दुबळे दिसणारच, आणि कोणतेही औषध गुणकारी ठरणार! शिवाय, २०११ मध्ये यूव्हीआर८ या ग्राहकाचा उलगडा झाल्यापासून हे किरण केवळ घातक नव्हेत, तर वनस्पतीस फ्लेव्होनॉइडांचे कवच घालावयास लावणारा संकेतही आहेत, हे स्पष्ट झाले आहे. कवच घालू पाहणाऱ्या रोपावर बाहेरून पडदा टाकल्यास तो संकेतच मंदावेल, ही शक्यता या निबंधांतून क्वचितच विचारात घेतलेली दिसते.

मेरीलँड येथे १९८१ ते १९८६ या सहा हंगामांत सोयाबीनच्या ‘एसेक्स’ व ‘विल्यम्स’ या दोन जातींवर वाढीव जंबुपार किरण शेतातच सोडण्यात आले. पहिलीचे उत्पन्न बहुतेक हंगामांत घटले. दुसरी बव्हंशी तगली. फवारणीचा लाभ सांगताना तो जातीच्या निवडीने मिळणाऱ्या लाभाशेजारी, शेतातील धान्याच्या वजनात मांडावयास नको काय?