डोंबिवलीचा एक ठिपका

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण स्थानकात उभे राहून आपण इंडिकेटरवर गाडीचे नाव वाचतो. दिव्यांच्या ठिपक्यांनी घडलेली ती अक्षरे कधी नीट न्याहाळली आहेत का? संगणकाच्या सुरुवातीच्या पडद्यांवरही अशीच अक्षरे असत. आज ती जाहिरातींत आणि कपड्यांवर जुन्या काळाची आठवण म्हणून हौसेने वापरली जातात. देवनागरीला ती कितपत मानवतात, ते तपासून पाहू.

रोमन लिपीला ५ ठिपके रुंद व ७ ठिपके उंच अशी चौकट पुरते. एकूण ठिपके ३५. त्यांतल्या ११ ठिपक्यांत ‘टी’ हे अक्षर तयार होते. प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी ठेवणे यंत्राला सोयीचे असते. १९८४च्या मॅकिंटॉश संगणकासाठी सुझन केअर यांनी रेखलेला ‘मोनॅको’ हा टंक असाच समान रुंदीचा होता. पडद्यावर ठिपकेच मोजके होते. त्या अडचणीतून वाट काढली, म्हणून तो टंक सुबक झाला.

आता याच पद्धतीने ‘डोंबिवली’ लिहा. ‘डों’मध्ये अक्षर, काना, मात्रा आणि अनुस्वार, ‘व’ मात्र एकटा. दोघांना सारखी जागा दिली, तर ‘डों’ चेंगरतो आणि ‘व’ फुगतो. दोन चौकटींमध्ये मोकळी उभी ओळ सोडली की शिरोरेषा तुटते. शिरोरेषेच्या वर मात्रा आणि खाली उकार यांनाही जागा हवी. ७ ओळींत हे सारे मावत नाही. १६ ओळी घेतल्या तर बरे जमते. पण १६ गुणिले १६ म्हणजे २५६ ठिपके, रोमन चौकटीच्या सातपटींहून अधिक.

खरी अडचण पुढेच आहे. अनुस्वार एकाच ठिपक्याचा असेल आणि तो दिवा गेला, तर ‘डोंबिवली’ची ‘डोबिवली’ होते. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ विझली, तर ‘ब’ आणि ‘व’ सारखेच दिसतात. रोमन ‘टी’चा एक ठिपका गेला तरी ‘टी’ ओळखू येतो. आपल्या लिपीत छोट्या खुणेवर मोठा अर्थ अवलंबून असतो. घाईतल्या प्रवाशाला, नवख्याला, वाचायला शिकणाऱ्या मुलाला तीच खूण हवी असते.

म्हणून समान रुंदीचा हट्ट सोडावा, शिरोरेषा अखंड ठेवावी, अनुस्वाराला चार ठिपके द्यावेत. फलकावरची मर्यादा यंत्राची असते, ती समजून घेता येते. भित्तिपत्रकावर मात्र ती आपणच ओढवून घेतो. तिथे शोभेसाठी वाचनीयता गमावणे योग्य नाही.

वर्गात हा प्रयोग जरूर करा. चौकटीच्या वहीत १६ ओळींत ‘कल्याण’ आणि ‘डोंबिवली’ रंगवायला सांगा, कागद समोरच्या भिंतीला लावा आणि शेवटच्या बाकावरून वाचून घ्या. मग एकेक ठिपका झाका. कोणता ठिपका झाकल्यावर शब्द बदलतो, ते मुलेच शोधतील.