‘वजन भरणे’ आणि पाठ्यपुस्तकांचा आक्षेप

पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकांत एक आक्षेप हटकून आढळतो: व्यवहारात लोक वस्तुमानालाच ‘चुकीने’ वजन म्हणतात. शास्त्रापुरता भेद निर्विवाद आहे. वस्तुमानास गुरुत्वत्वरणाने गुणिले की वजन येते, ५० किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन पृथ्वीवर (त्वरण ९.८ धरून) ४९० न्यूटन, तर चंद्रावर (१.६२ धरून) अवघे ८१. वजन हे बलाच्या जातीचे आहे, असा निर्णय वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१ मध्ये दिला.

परंतु एवढ्यावरून बोलभाषेला दोषी ठरविणे युक्त नव्हे. मराठीत वजन ‘भरते’, आणि ‘भरणे’ हे क्रियापद परिमाण सुचविते, ओढ नव्हे. दोन पारड्यांचा तराजूही वस्तुमानांचीच तुलना करतो. चंद्रावर नेला तरी किलोभर तांदूळ त्यात किलोच भरतील. ओढ मोजतो तो ताणकाटा. अरबीतून आलेला हा शब्द बाजारात आपल्या अर्थी चोख आहे. बलाचा अर्थ त्यावर मागाहून शास्त्राने चढविला. हिंदीप्रमाणे ‘भार’ योजावा, तर सराफाकडे चांदी भारानेच मोजतात!

पाठ्यपुस्तककारांनी ‘चुकीने’ हे क्रियाविशेषण गाळावे, आणि उत्तरापुढे न्यूटन लिहिण्याचा कटाक्ष मात्र सोडू नये.