दुखावलेला हात आणि नाताळची सुट्टी

'द ख्रिसमस बो' हा चित्रपट मी तीनदा पाहिला, हे आधीच सांगून टाकते. समीक्षेच्या भाषेत त्याचं समर्थन करणं अवघड आहे. हॉलमार्क या अमेरिकी वाहिनीसमूहाने २०२० च्या नाताळ हंगामात दाखवलेला हा दूरचित्रपट. केट नावाची एक गुणी व्हायोलिनवादक, एका अपघाताने तिच्या संगीताच्या स्वप्नांना बसलेली खीळ, घरच्यांच्या जुन्या ओळखीतला पॅट्रिक पुन्हा भेटणं, त्याच्या सोबतीने तिचं सावरणं आणि नाताळपर्यंत दोघांचं प्रेम जमणं. एवढीच गोष्ट. शेवट वाचकाच्या लक्षात आला असेल. तो लक्षात यावा अशीच तिची बांधणी आहे.

नावातली कोटी मराठीत येत नाही. व्हायोलिनच्या गजाला आपले वादकही सर्रास 'बो' म्हणतात. पण भेटवस्तूच्या खोक्यावर रेशमी फितीची जी फुलासारखी गाठ मारतात, तिलाही इंग्रजीत तोच शब्द आहे. म्हणजे शीर्षकातच वाद्य आणि नजराणा एकत्र बांधून दिलेले आहेत. वाद्य हिरावलं गेलं, तरी ते नाताळच्या झाडाखाली फीत बांधून परत मिळणार, हे वचन चित्रपट सुरू होण्याआधीच देऊन झालेलं असतं.

अशा चित्रपटांची टर उडवणं सोपं आहे, आणि ती पुरेशी उडवून झाली आहे. भर उन्हाळ्यात कॅनडातल्या एखाद्या गावात खोटा बर्फ पसरून केलेलं चित्रीकरण, जाहिरातींच्या जागा सोडून मोजून बेतलेले प्रसंग, शेवटच्या काही मिनिटांपर्यंत राखून ठेवलेलं चुंबन. मला यातल्या कशाचीही तक्रार नाही. आपल्याकडच्या कीर्तनातही आख्यानाचा शेवट श्रोत्यांना ठाऊकच असतो. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं: दुखापत झालेला संगीतकार या साच्यात इतका चपखल कसा बसतो? आणि तो बसावा म्हणून त्याच्यातलं काय कापून काढावं लागतं?

उत्तराचा एक धागा या कंपनीच्या जन्मातच सापडतो. हॉलमार्क ही मुळात शुभेच्छापत्रांची कंपनी. जॉइस हॉल या तरुणाने १९१० मध्ये कॅन्सस सिटीत पोस्टकार्डं विकण्यापासून सुरुवात केली. तिच्या नावाची वाहिनी २००१ मध्ये आली, आणि नाताळच्या चित्रपटांची वार्षिक मालिका २००९ पासून. शुभेच्छापत्राचं काम नवं काही सांगण्याचं नसतं. योग्य दिवशी योग्य माणसाला ठरलेलंच वाक्य पोहोचवायचं असतं, आणि ते क्षुल्लक काम नाही. पण दुकानातला कार्डांचा मांडणीफळा डोळ्यांपुढे आणा. एका कप्प्यात 'लवकर बरे व्हा'. दुसऱ्या कप्प्यात 'आपल्या दुःखात सहभागी आहोत'. ज्याचं दुखणं बरंही होणार नाही आणि ज्यात तो मरणारही नाही, अशा माणसासाठी मधला कप्पा मी तरी पाहिलेला नाही. 'द ख्रिसमस बो' हे पहिल्या कप्प्यातलं कार्ड आहे, आणि दुखापत झालेले बहुतेक खरे संगीतकार त्या नसलेल्या मधल्या कप्प्यात राहतात.

इथे स्वतःबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण माझं पाहणं तटस्थ नाही. मी तेवीस वर्षांची होईपर्यंत व्हायोलिन शिकत होते. आपल्या पद्धतीने, मांडी घालून, वाद्याचं टोक उजव्या घोट्याशी टेकवून. पावसाळ्यात जिन्यावरून घसरले आणि डावं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं, डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि हात उत्तम जुळल्याचं सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. पोळ्या लाटायला, बसचा दांडा धरायला हात उत्तमच होता. फक्त मध्य सप्तकातल्या गंधारावरून पंचमाकडे मींड घेताना बोट वाटेत किंचित अडखळे. इतरांना ते ऐकूही येत नसे. मला दुसरं काही ऐकू येत नसे. पुढल्या वर्षी मी बँकेची परीक्षा दिली.

चित्रपटाच्या साच्यात ही अडखळ नाही. तिथे हात एक तर चालत नाही किंवा चालतो. दुखापत येते ती रजेच्या अर्जासारखी: काही आठवडे कामातून मोकळीक, आईवडिलांच्या घरी मुक्काम, जुन्या ओळखींकडे नव्याने पाहण्याची सवड. रजा संपते तेव्हा माणूस पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच पगारावर रुजू होतो. वर प्रेम मिळालेलं असतं, तो बोनस. वेदनेने माणूस बदलतो, संगीत बदलत नाही. हा या प्रकाराचा न लिहिलेला करार आहे.

सिनेमाने जखमी संगीतकाराला नेहमीच असं वागवलेलं नाही. १९४५ चा ब्रिटिश चित्रपट 'द सेव्हन्थ व्हेल' पाहा. त्यातली पियानोवादक फ्रान्सिस्का मोटार अपघातात हात भाजून घेते, आणि आता कधीच वाजवता येणार नाही या समजुतीने जीव द्यायला निघते. मानसोपचारतज्ज्ञ संमोहनाने तिच्या मनावरचे पडदे एकेक करून दूर करतो. शेवटी ती जिना उतरून खाली येते, वाट पाहणाऱ्या पुरुषांमधून एकाची निवड करते. आणि ती निवडते कोणाला? तिला धाकात वाढवणाऱ्या पालकाला, निकोलसला. आजच्या प्रेक्षकाला तो शेवट घशाखाली उतरत नाही, माझ्याही उतरला नाही. सांगाडा मात्र हॉलमार्कचाच आहे: दुखावलेले हात, बरं करणारा पुरुष, शेवटी प्रेम. फरक इतकाच की १९४५ मध्ये हात गेले तर जीवच जाईल, ही भीती चित्रपटात जिवंत होती. पाऊणशे वर्षांत साच्यातून प्रेम गळलं नाही, भीती गळली.

आता मधल्या कप्प्यातला एक माणूस. लिऑन फ्लायशर १९५२ मध्ये बेल्जियमची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकणारा पहिला अमेरिकी ठरला. १९६४ च्या सुमारास, वयाच्या छत्तिशीत, त्याच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप तळव्याकडे वळू लागली. अपघात नाही, मोड नाही, सूज नाही. त्याने काय केलं? आधी जास्त रियाज केला, म्हणजे नेमकं करू नये ते केलं. मग खचला, जीव देण्याचे विचार त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले आहेत. केस वाढवले, दाढी राखली, स्कूटर घेतली. या काळात त्याचा संसार सावरला नाही, मोडला. हॉलमार्कच्या गणिताच्या बरोबर उलट. त्याच्या दुखण्याला 'फोकल डिस्टोनिया' हे नाव मिळेपर्यंत कित्येक वर्षं गेली. हा विकार हाताचा नसून हाताला हुकूम देणाऱ्या मेंदूचा असतो, आणि एकच सूक्ष्म हालचाल आयुष्यभर घोटणाऱ्यांना तो गाठतो. म्हणजे ज्या रियाजाने कलावंत घडतो, त्याच रियाजाचं हे एक फळ.

मधली सुमारे तीस वर्षं फ्लायशर जगला तो मुख्यतः तीन गोष्टींवर: बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेतलं शिकवणं, वाद्यवृंदाचं संचालन आणि फक्त डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना. या रचना आल्या कुठून? त्यांतल्या महत्त्वाच्या बऱ्याचशा दुसऱ्या एका जखमी माणसाकडून. पॉल विटगेनश्टाइन, तत्त्वज्ञ लुडविगचा थोरला भाऊ. पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्येच त्याचा उजवा हात कापावा लागला. रशियनांच्या कैदेत असताना तो लाकडी खोक्यावर डाव्या हाताची बोटं आपटून रियाज करी. घरचा पैसा अफाट होता; त्याने मोठमोठ्या रचनाकारांकडून एका हाताचं संगीत विकत घेतलं. राव्हेलने लिहिलेला कॉन्चेर्टो त्याने १९३२ मध्ये व्हिएन्नात वाजवला, आणि वाजवताना स्वतःच्या मनाने फेरफार केले म्हणून राव्हेल त्याच्यावर संतापला. प्रोकोफिएव्हची रचना तर त्याने कधी वाजवलीच नाही. माणूस लोभस नव्हता. त्याच्यावर कोणी हृदयस्पर्शी चित्रपट काढेल असं वाटत नाही. पण फ्लायशरचा हात गेला तेव्हा त्याला वाजवायला काही शिल्लक होतं, ते या आढ्यतेखोर माणसाच्या हट्टामुळे. एकाच्या जखमेने दुसऱ्याच्या जखमेची सोय करून ठेवली होती. प्रेमाचा इथे काही संबंध नव्हता.

मग प्रेमाचं काय? चित्रपट प्रेमाला औषध मानतो, म्हणून तो सरसकट खोटा ठरतो का? इथे मराठी वाचकाला देवास आठवल्याशिवाय राहणार नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन तिथे राहायला गेले. काही वर्षं गाणं बंद. भानुमतीबाई, स्वतः गाणाऱ्या, शाळेत नोकरी करून घर चालवत होत्या आणि शुश्रूषाही करत होत्या. 'आजारी कलावंत आणि त्याला जपणारी सोबत' हीच गोष्ट, फक्त सुट्टीच्या दिवसांतली नव्हे. बरं केलं ते स्ट्रेप्टोमायसिनसारख्या औषधाने, प्रेमाने नाही. प्रेमाने महिन्याचा किराणा भरला. आणि परत आलं ते जुनं गाणं नव्हतं. अंथरुणावर पडल्या पडल्या कानांवर आलेली माळव्याची लोकगीतं त्यात शिरली होती, श्वासाचा हिशेब बदलला होता. फुप्फुस निकामी झालं म्हणून ते तुटक गायचे, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते अर्धंच खरं वाटतं. कमतरतेने दार दाखवलं असेल. आत पाऊल टाकण्याचा निर्णय कुमारांचा होता. भानुमतीबाई मात्र १९६१ मध्ये गेल्या. त्यांनी काय गायचं ठेवून दिलं, याची चर्चा आपण फारशी केलेली नाही. ('कट्यार काळजात घुसली'च्या २०१५ च्या चित्रपटात शेंदूर चारून पंडितजींचा आवाज घालवला जातो, तिथेही प्रश्न कपटाचा आणि सूडाचा होतो, आवाजाशिवाय पंडितजींनी पुढचे दिवस कसे काढले, यावर कॅमेरा फार थांबत नाही.)

एवढं सगळं माहीत असूनही 'द ख्रिसमस बो' मी तीनदा का पाहिला?

एक कारण लुचिया मिकारेली. केटची भूमिका करणारी ही बाई मुळात व्हायोलिनवादक आहे. 'ट्रीमे' मालिकेतही तिने वादकाचीच भूमिका केली होती, आणि जेथ्रो टलसारख्या गटाबरोबर ती मंचावर वाजवत आली आहे. संगीतकारांवरच्या चित्रपटांत आपण एका खोटेपणाला सरावलेलो असतो: चेहरा नटाचा, हात दुसऱ्याचे. 'सेव्हन्थ व्हेल'मध्ये पियानो वाजवला तो आयलीन जॉइसने, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं. मिकारेलीच्या बाबतीत गज तारेला लागतो तेव्हा खांद्यापासूनचा सगळा हात खरं बोलतो. म्हणूनच ज्या प्रसंगांत केटला वाजवता येत नाही, तेही मला खोटे वाटले नाहीत. ज्याला वाजवता येतं त्यालाच न वाजवणं दाखवता येतं. वाद्याच्या पेटीकडे पाहण्याची, तिच्याकडे न पाहण्याची एक पद्धत असते. संवादलेखकाला ती बहुधा ठाऊक नसावी. नटीला ठाऊक होती.

दुसरं कारण त्या वर्षाचं. २०२० मध्ये जगभरची सभागृहं बंद होती. हात शाबूत असलेले हजारो वादक घरी बसून होते. आपल्याकडेही कित्येक साथीदारांना महिनोन्‌महिने एक बैठक मिळाली नव्हती. अशा वर्षी, वाजवू न शकणाऱ्या बाईला नाताळपर्यंत तिचं वाद्य परत देणारी गोष्ट 'लवकर बरे व्हा'चं कार्ड म्हणून आली, तेव्हा कार्डातल्या मजकुराचा दर्जा कोण पाहणार? मी पाहिला नाही. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मात्र पाहिला, आणि तरी शेवटी डोळे भरले, याची नोंद करते. शेवट मला मान्य नव्हता. तो हवा होता.

त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, बाल्टिमोरमध्ये फ्लायशर वारला, ब्याण्णव वर्षांचा होऊन. बोटॉक्सच्या सुया आणि स्नायूंची मालीश यांच्या जोरावर उजवा हात काही प्रमाणात परत आल्यावर त्याने २००४ मध्ये 'टू हँड्स' नावाची ध्वनिमुद्रिका काढली होती. हात बरा झाला, असं तो म्हणत नसे. सुया घ्याव्याच लागत. तिसऱ्यांदा चित्रपट संपल्यावर मी ती लावली. सुरुवातीलाच बाखची एक छोटी भक्तिरचना आहे, नाताळात चर्चमध्ये वाजते ती. उजव्या हाताचे सूर थोडे जपून टाकलेले वाटतात, पायरीला पाणी असावं तसे. मी आवाज वाढवला आणि अडखळ कुठे ऐकू येते का, म्हणून कान देऊन बसले.